हवाबाईंनी न पाहिलेलं तळं

हवाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या भर वर्गात नणंदेशी भांडत होत्या.

मी शाळेत नवी होते. भाषा शिकवायला नुकतीच लागले होते. शेजारच्या वर्गातला आवाज ऐकून दारातून डोकावले. टेबलावर फोन ठेवलेला. स्पीकर चालू. मुलं कान टवकारून बसलेली.

"कालचं दुपारचं आणि रात्रीचं, दोन्ही सांगा वन्सं," बाई म्हणत होत्या.

"सांगते गं. आधी मला सांग, माझा भाऊ गोळ्या घेतो का वेळेवर?"

"वन्सं, वर्ग चालू आहे."

"असू दे की. पोरांनो, तुमच्या बाईंचा नवरा गोळ्या घेतो का रे?"

"नाही!" अख्खा वर्ग ओरडला.

"बघ. पोरांना माहीत आहे. तुलाच नाही."

मग फोनमधून दोन आकडे आले. एका मुलीने ते फळ्यावर लिहिले. फळ्यावर दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं 'आपण'. दुसऱ्यावर 'आत्या'.

बाईंच्या मुलीची ती आत्या, म्हणून सगळ्या शाळेची आत्या. मुलगी लग्न होऊन दूर गेली. आत्या मात्र शाळेलाच राहिल्या. त्या डोंगरापलीकडच्या शहरात राहायच्या. तिथे तळं नाही, नदी नाही, नुसतं सपाट रान. त्यांच्या गॅलरीत शाळेने एक थर्मामीटर टांगला होता. तसाच दुसरा शाळेच्या व्हरांड्यात. रोज सकाळी आत्यांनी फोन करायचा आणि आकडे सांगायचे.

आत्यांकडे दुपार आमच्यापेक्षा कितीतरी तापायची. रात्र मात्र आमच्यापेक्षा गार पडायची. आमच्याकडे दोन्ही बेताचं.

"का बरं?" बाईंनी विचारलं.

"तळं!" मुलं म्हणाली.

"तळं काय करतं?"

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. बाई खुशीत दिसल्या. त्यांनी लगेच उत्तर सांगितलं नाही. दोन पत्र्याचे ट्रे काढले. एकात वाळू, एकात पाणी. दोन्ही अंगणात उन्हात ठेवायला सांगितले आणि म्हणाल्या, "जा, बोटं घालून बघा. मधल्या सुट्टीनंतर मला सांगा."

पुस्तकात या धड्याचं नाव होतं 'मोठी सरोवरे व प्रादेशिक हवामान'. दोन पानांचा धडा. बाई तो वर्षभर शिकवायच्या, म्हणून त्यांचं नावच हवाबाई पडलं होतं.

शाळेने मला खोली शोधून दिली ती बाईंच्याच गच्चीवर. खाली त्यांच्या यजमानांची लाँड्री. मोठी कढई, दोन यंत्रं, लांब टेबलावर इस्त्र्या. हॉटेलांच्या आणि दवाखान्याच्या चादरी तिथे धुवायला यायच्या आणि माझ्या खोलीसमोर वाळत पडायच्या. मी दार उघडायचे ते चादरीतच.

मुलांनाही या चादरी पाठ होत्या. शनिवारी सकाळी ती गच्चीवर यायची आणि भिंतीला टेकून बसायची. भल्या सकाळी चादरी तळ्याच्या बाजूला फुगायच्या. मग थोडा वेळ सरळ लटकायच्या, जशा काही विचारात पडल्या आहेत. ऊन चढलं की उलट्या फिरायच्या आणि गावाच्या बाजूला फुगायच्या. वाळू लवकर तापते, पाणी उशिरा. तापलेल्या जमिनीवरची हवा वर जाते. तिची जागा घ्यायला तळ्यावरची गार हवा धावत येते. रात्री हाच खेळ उलटा. मुलांनी हे चादरींवरून शोधून काढलं होतं.

"आलं तपासणी पथक," लाँड्रीवाले काका म्हणायचे. "हात धुतलेत का? चादरीला बोट लावलंत तर तुम्हालाच दोरीवर टाकीन."

त्यांना बायकोचं भारी कौतुक होतं, पण ते तसं कधी बोलायचे नाहीत. मला म्हणाले, "लग्न ठरलं तेव्हा हिने पहिलाच प्रश्न काय विचारला? दुकानात पंखे किती? मी म्हटलं, एकच आहे. मोठा आहे. तळ्यात बसवलाय."

"मग?"

"मग काय, हो म्हणाली."

एकदा बोलता बोलता मी म्हटलं, बाईंबरोबर एकदा बोटीने जायला हवं, त्या किती छान दाखवतील सगळं.

काकांनी हातातली इस्त्री उभी करून ठेवली. माझ्याकडे पाहिलं. मग हसायला लागले.

"ती? बोटीत? अगं, लग्नाआधी मी हिला म्हटलं, चल, बोटीतून फिरवून आणतो. हिने मलाच बसमध्ये बसवलं आणि तळ्याभोवती फिरवलं. अख्खा दिवस. मला बस लागते."

"म्हणजे त्या तळ्यात कधीच—"

"पायसुद्धा बुडवलेला नाही. आणि हे शाळेत बोलू नकोस हं. इस्त्री माझ्या हातात आहे."

मला हे पटेचना. तळ्याचं धुकं, तळ्याचा वारा, तळ्यामुळे आमच्या झाडांना उशिरा येणारा मोहोर, सगळं या बाईंना तोंडपाठ. आत्यांनी फोनवर चिडवायचं, "आमच्याकडे झाडं फुलून गेली, तुमचं तळं अजून पांघरुणातच का?" आणि बाईंनी मुलांकडून उत्तर वदवून घ्यायचं की थंडीभर गार झालेलं पाणी लवकर तापत नाही, म्हणून काठावरची झाडंही घाई करत नाहीत. आणि हे सगळं काठावर उभं राहून!

मी कुणाला बोलले नाही. पण गोष्ट बाहेर यायची ती आलीच. आणि ती आणली वकिलाने.

वकील म्हणजे वर्गातली एक बारकी मुलगी. दोन वेण्या, सतत सुटलेली एक बुटाची नाडी. तिला हे नाव बाईंनीच दिलं होतं. बाईंच्या वर्गात एक नियम होता. कुणीही काही सांगितलं की बाकीच्यांनी विचारायचं, "पाहिलं का?" पाहिलं नसेल तर 'मला वाटतं' असं म्हणायचं. 'आहे' असं म्हणायचं नाही. पुस्तकात असलं तरी नाही. हा नियम वकिलाच्या अंगात भिनला होता. घरी तिने आईला विचारलं होतं, "मी दवाखान्यात जन्मले, हे कुणी पाहिलं?" आई म्हणाली होती, "मी हजर होते, बाई!"

त्या दिवशी मी वर्गात मागच्या बाकावर होते. बाईंनीच बसवलं होतं. त्या मला कवयित्री म्हणायच्या. मी आयुष्यात एक कविता लिहिलेली नाही, हे सांगून उपयोग झाला नव्हता. "ये गं कवयित्री. ढग कसा दिसतो ते तू शिकव. तो तिथे का थांबलाय ते आम्ही बघतो."

बाईंनी फळ्यावर चित्र काढलं. निळ्या खडूने तळं. तळ्यातून सरळ वर जाणारी वाफ. वर मधोमध एक गुबगुबीत ढग. मग वारा ढगाला ढकलतो, डोंगरावर नेतो, तिथे पाऊस. दरवर्षी त्या हेच चित्र काढायच्या. ढग फार सुरेख यायचा.

वकिलाने हात वर केला.

"बाई, तळ्याच्या मध्यावर हवा गार असते?"

"काठापेक्षा गार असते."

"पाहिलं का?"

सगळे हसले. बाईही हसल्या. मग हसू ओसरलं. वकील उत्तराची वाट पाहत उभी होती.

"नाही," बाई म्हणाल्या.

"कधीच नाही?"

"मी तळ्यात कधी गेलेले नाही."

 मुलांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. नुसतं आश्चर्य होतं. मागून कुणीतरी हळूच विचारलं, "मग ढगाचं?"

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. खडू घेतला. तळ्याच्या बरोबर मध्यावर एक प्रश्नचिन्ह काढलं.

एका शहाण्या पोराने तोडगा काढला. "नावाडीमामांकडे थर्मामीटर देऊ. ते मोजून आणतील."

"मग ते ऐकलेलं झालं," वकील म्हणाली. "पाहिलेलं नाही."

"आत्यांचं आपण ऐकतोच की," बाई जरा घाईने म्हणाल्या.

"आत्यांकडे आपली सहल गेली होती. त्यांचा थर्मामीटर आपण बघितलाय. त्यांची गॅलरी पण."

 घंटा झाली.

संध्याकाळी त्या गच्चीवर आल्या. चादरी काढता काढता म्हणाल्या, "पाय जमिनीला टेकलेले नसले ना, की माझं डोकं चालत नाही. लहानपणापासून. आमच्या गावात विहिरीशिवाय पाणी नव्हतं. त्यातही मी वाकून बघायची नाही."

"मग नका जाऊ. मुलं विसरतील."

"मुलं विसरतील. वकील नाही विसरणार." चादरीचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. "आणि नियम मी केलाय. मी नाही गेले तर उद्यापासून 'पाहिलं का' कुठल्या तोंडाने विचारू? प्रश्न विचारायचे ते दुसऱ्याला, आपल्याला नाही, हेच शिकतील ना?"

आम्ही चादरीची घडी घातली. त्यांची बाजू वाकडी आली. असं कधी व्हायचं नाही.

त्यांना एकच आशा होती. मुख्याध्यापिका परवानगी देणार नाहीत. मुलांना घेऊन तळ्याच्या मध्यावर? छे! सकाळी त्या जवळजवळ आनंदाने ऑफिसात गेल्या. मी बाहेर उभी होते. बाहेर आल्या तेव्हा हातात नारंगी रंगाचं लाइफ जॅकेट होतं.

"लगेच हो म्हणाल्या," बाई म्हणाल्या. "म्हणाल्या, फार छान कल्पना. पालकांना मी स्वतः विचारते. जॅकेटं कपाटात पडूनच आहेत. जगात कुणी मदत करायला निघालं ना, की अशी वेळ बघून निघतं."

सहल शुक्रवारी ठरली. गुरुवारी सकाळी बाई घरातून निघाल्या त्या जॅकेट घालूनच. सवय व्हावी म्हणून. बाजारातून तशाच चालत गेल्या. भाजीवाली म्हणाली, "बाई, पूर येणार आहे का?" बाई म्हणाल्या, "आला तर माझी तयारी आहे." पहिला तास त्यांनी जॅकेटमध्ये घेतला. फोनवर आत्यांना आकडे विचारले तेही जॅकेटमध्ये. आत्यांना कुणी काही सांगितलं नाही. आत्या म्हणाल्या, "आज तुझा आवाज का असा दाबल्यासारखा येतोय?"

"पट्टा घट्ट आहे," वर्गातून कुणीतरी म्हणालं.

"कसला पट्टा?"

"आकडे सांगा वन्सं."

वेळ बाईंनीच ठरवली. दुपारची. मुलं जेवलेली असावीत, उपाशी पोटी पाण्यावर नको, असा त्यांचा हिशोब. शुक्रवारी स्वतः त्या मात्र जेवल्या नाहीत. गच्चीवर जाऊन पाण्याकडे बघत उभ्या राहिल्या. मागून चादरी येऊन त्यांच्या पाठीवर थडाथड आपटत होत्या. काका इस्त्री सोडून वर आले. त्यांनी चादरींकडे पाहिलं. बायकोकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होते. बोलले नाहीत.

"जपून," एवढंच म्हणाले.

"गोळ्या घ्या," बाई म्हणाल्या.

धक्क्यावर नावाडीमामा वाट पाहत होते. जाडजूड मिशा, त्याहून जाडजूड आवाज. बोट रुंद होती, बसायला फळ्या, मागे खोकणारं जुनं इंजिन. आमचं तळं लांबीला अफाट आहे. धक्क्यासमोर त्याची रुंदी जरा कमी होते. तिथूनही पलीकडचा काठ धूसरच दिसतो. तिथल्या मध्यावर जायचं ठरलं होतं. सगळ्यांची जॅकेटं मामांनी स्वतः ओढून तपासली. बाईंचं जॅकेट ओढून म्हणाले, "हे तर अंगावरच शिवलंय."

बाई बोटीत चढल्या. म्हणजे चढवल्या गेल्या. एका बाजूने मी, एका बाजूने मामा, मागून चार मुलं. त्या फळीवर बसल्याच नाहीत. बोटीच्या तळाशी, मधोमध, मांडी घालून बसल्या. माझं मनगट धरलं. नजर स्वतःच्या गुडघ्यांवर.

बोट सुटली आणि लगेच उडायला लागली.

वारा थेट तोंडावर. लाटा पुढून येऊन बोटीच्या छातीवर आपटायच्या आणि फुटून आमच्या डोक्यावर पडायच्या. मुलांना स्वर्ग मिळाला. प्रत्येक लाटेला आरोळी. बाईंची नखं माझ्या मनगटात.

"काहीतरी बोल," त्या म्हणाल्या.

"काय बोलू?"

"कविता म्हण."

"येत नाही."

"मग एम. ए. कशाला केलंस?"

आणखी एक लाट आली. आम्ही सगळे निथळत होतो. वकील बाईंच्या समोर बसली होती. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरून. तिच्या वेण्यांतून पाणी गळत होतं. ती म्हणाली, "बाई, वारा समोरून येतोय."

"कळतंय."

"आत्ता दुपार आहे."

"हो."

"दुपारी वारा तळ्याकडून जमिनीकडे."

बाईंनी मान वर केली. निघाल्यापासून पहिल्यांदा. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही. वर्षानुवर्षं चादरींवरून मुलांना जे शिकवलं, तेच अंगावर आदळत होतं आणि वेळ ठरवताना ते त्यांच्या डोक्यातही आलं नव्हतं. काठावर उभं राहिलं की दुपारचा वारा येतो. एवढंच त्यांनी पाहिलं होतं. तो आडवा येतो, हे कशाला कळेल?

"मामा!" त्या ओरडल्या. "सकाळी निघालो असतो तर?"

"सकाळी? सकाळी जरा उन्हं आली की तळं ताटासारखं असतं," मामा इंजिनावरून ओरडले. "ताटात पाणीसुद्धा हलत नाही."

"मग बोलला का नाहीत?"

"मी? तुम्हाला?" मामा खरंच दुखावले. "तुम्ही वारा शिकवता. माझ्या नातवाला तुम्हीच शिकवलात. म्हटलं, बाईंनी दुपार निवडलीय म्हणजे पोरांना वाराच दाखवायचा असणार. मी कोण सांगणारा?"

"आणि मी म्हटलं, तुम्ही नावाडी आहात, काही असतं तर बोलला असतात!"

"घ्या!" मामा म्हणाले.

मला गच्चीवरचे काका आठवले. उघडलेलं तोंड आणि मिटलेलं तोंड. म्हणजे त्यांनाही कळलं होतं. मलाही कळायला हवं होतं, रोज चादरीतून वाट काढत मी बाहेर पडते. सगळ्यांना वाटलं, हवाबाईंना वाऱ्याबद्दल आपण काय सांगायचं?

बाई हसल्या. भीतीत माणूस हसतं तसं सुरू झालं, पण मग ते थांबेना. मुलं हसायला लागली. मामाही. त्या हसण्यात मनगटावरची पकड कधी सुटली ते मला कळलं नाही.

मग हळूहळू लाटा लहान झाल्या. इंजिनाचा आवाज मोठा वाटायला लागला, म्हणजे वारा कमी झाला होता. मामांनी इंजिन बंद केलं.

काहीच नव्हतं. वारा नाही, लाट नाही. पाणी तेल ओतल्यासारखं गुळगुळीत. मागे गाव लहानसं. पुढे पलीकडचा काठ.

"हा मध्य," मामा म्हणाले.

मुलांनी बादली दोरीने सोडली, पाणी काढलं, थर्मामीटर बुडवला. हवेतही धरला. दोन्ही आकडे निघताना धक्क्यावर मोजलेल्यांपेक्षा कमी आले. एक आरोळी झाली. वकिलाने थर्मामीटर बाईंच्या नाकासमोर धरला. बाईंनी पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाल्या, "पाहिलं."

"पण वारा कुठे गेला?" एका मुलाने विचारलं.

 वकील मागे बघायला लागली, मग पुढे. "तिकडच्या काठावर पण दुपारी वारा तळ्याकडूनच जात असेल ना?"

"मला वाटतं," मामा सांभाळून म्हणाले. एवढ्या वेळात त्यांनाही नियम कळला होता. मग लगेच म्हणाले, "नाही, पाहिलंय. माझी सासुरवाडी तिकडची."

"मग इकडे पण जातो, तिकडे पण जातो. म्हणजे तो इथूनच निघतो."

"वाऱ्याचं माहेर!" मी म्हणाले. मला राहवलं नाही.

"झाली कविता," बाई म्हणाल्या.

तेवढ्यात बोटीच्या टोकावरचा एक मुलगा म्हणाला, "बाई, वर बघा. ढगच नाही."

आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं. डोक्यावर नुसतं निळं आकाश. स्वच्छ पुसलेल्या फळ्यासारखं. ढग होते, पण ते गावावर होते. गावामागच्या डोंगरावर होते. पलीकडच्या काठावरही होते, ओळीने, रांगेत उभे केल्यासारखे. तळ्यावर एकही नव्हता.

बाई उठल्या. माझ्या खांद्याचा आधार घेतला, पण उठल्या. हलत्या बोटीत उभ्या राहून त्यांनी चारी बाजूंना मान फिरवली.

"काठावरून मला तळ्यावर ढग दिसायचा," त्या म्हणाल्या. "रोज दिसायचा. तो पलीकडच्या काठावरचा होता होय!" मग मुलांकडे वळल्या. "इतकी वर्षं मी ढग चुकीच्या जागी काढला. कितीतरी वर्गांना शिकवला. तुमच्यातल्या काहींच्या आयांनासुद्धा."

मला वाटलं, आता त्या खट्टू होतील. त्यांचे डोळे लकाकत होते.

"ढग तिकडेच का? चला, सांगा."

"जमीन तापते," कुणीतरी म्हणालं.

"मग?"

"तिथली हवा वर जाते. तळ्यातला ओलावा वारा तिकडे घेऊन जातो. मग तो तिथे वर जातो आणि तिथे ढग होतो."

"आणि इथे?"

"इथली हवा गार. ती वर जातच नाही. ती खाली बसते."

"तुमच्यासारखी," वकील म्हणाली. मग तिनेच जीभ चावली. बोटीच्या तळाशी बसलेल्या बाई सगळ्यांना आठवल्या. बाईंना सगळ्यात जास्त हसू आलं.

येताना वारा पाठीमागून होता. बोट नुसती तरंगत आली. बाई फळीवर बसल्या होत्या. कडेच्या नाही, मधल्याच, पण फळीवर. त्यांनी एकदा हात पाण्यात घातला आणि लगेच काढला. कुणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघितलं. मी पाहिलं होतं.

धक्क्यावर मुलं उड्या मारत उतरली आणि पालकांकडे पळाली. बाई पायरीवर बसल्या.  मी शेजारी बसले. पलीकडे वकील येऊन बसली. तिची आई लांबून हाका मारत होती. ती गेली नाही.

"बाई, तुम्हाला भीती वाटत होती ना?"

"फार."

"मला पण."

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. फळी धरलेले तिचे हात अजून तसेच वाकडे होते.

"मग सांगितलं का नाहीस? काठावर थांबली असतीस."

"प्रश्न मीच विचारला होता ना," ती म्हणाली. जणू यापुढे बोलण्यासारखं काही नव्हतंच.

 बाईंनी वाकून तिची सुटलेली नाडी बांधली. घट्ट, दुहेरी गाठ. 

वकिलाने पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "रात्री वारा उलटा असतो. सगळ्या काठांवरून तळ्याकडे. मग भल्या सकाळी तो मध्यावर एकमेकांवर आदळत असेल ना?"

"असेल. मला वाटतं."

"मग त्याला जायला जागा कुठे? वरच जाणार."

"वर जाणार," बाई सावकाश म्हणाल्या. "आणि वर गेला तर मधोमध ढग..."

दोघी एकमेकींकडे बघत होत्या. नावाडीमामा बोट बांधत होते. त्यांनी ते पाहिलं आणि दोरीची गाठ अर्धवट सोडली.

"बाई, पहाटे मी मासे धरतो," ते आधीच म्हणाले.

"धरा की. आम्ही कोपऱ्यात गप्प बसू."

"ही? गप्प?"

"मी गप्प बसते," वकील म्हणाली. "पाहिलं का कधी?"

"तेच तर. कधीच नाही पाहिलं!"

आईच्या हाका जवळ यायला लागल्या. बाई उठल्या, जॅकेटमधलं पाणी झटकलं आणि तिच्या आईला सामोऱ्या गेल्या. पहाटेची परवानगी मागायला.